१२ एमएम सळीचं वजन फोनवर दिसतं, पण ते येतं कुठून?

फोनवर ‘१२ एमएम सळीचं वजन’ असं शोधलं की सेकंदात उत्तर येतं: मीटरला ०.८८८ किलो. प्ले स्टोअरवर यासाठीचे कॅल्क्युलेटर ढिगाने आहेत. बांधकामावरचा मिस्त्री तर फोनही काढत नाही. तो व्यासाचा वर्ग करतो, १६२ ने भागतो आणि मोकळा होतो. हा १६२ आला कुठून असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ‘फॉर्म्युला आहे तो’ एवढंच असतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गाव कबनूर, इचलकरंजीला अगदी चिकटून. आमच्या भागात एका बाजूला घरांवर मजले चढतायत, दुसऱ्या बाजूला शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्र्या आहेत, आणि पलीकडे हुपरीत चांदीचं काम चालतं. तिन्हीकडे हिशोब एकच आहे: आकारमान गुणिले घनता बरोबर वस्तुमान. सातवी-आठवीत हे सूत्र आपण पाठ केलं आणि पेपर संपल्यावर सोडून दिलं. खरं तर पैसे देताना ते सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. (शाळेत ‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ यात फरक करायला शिकवतात आणि तो बरोबरच आहे. पण काट्यावर किलोत जे दिसतं त्याला सगळेच वजन म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणणार आहे.)

घनता म्हणजे एवढ्याशा जागेत किती माल भरलाय ते. पाण्याचा एक घन सेंटिमीटर साधारण एक ग्रॅम भरतो. तेवढंच ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम, ओतीव लोखंड ७.२ च्या आसपास, बांधकामाचं स्टील ७.८५, तांबं ८.९६, चांदी १०.४९ आणि सोनं १९.३ ग्रॅम. हातातल्या फोनचीही घनता काढता येते. आयफोन १५ चं माप १४७.६ × ७१.६ × ७.८ मिलिमीटर आणि वजन १७१ ग्रॅम. गुणाकार केला की साधारण ८२ घन सेंटिमीटर येतात, म्हणजे घनता दोनच्या थोडी वर. ही कुठल्या एका पदार्थाची घनता नाही. काच, बॅटरी, ॲल्युमिनियम आणि मधली पोकळी या सगळ्यांची मिळून सरासरी आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१६२ चा उलगडा

आता सळी घेऊ. गोल सळी म्हणजे लांबट दंडगोल. आकारमान काढायचं तर कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी. क्षेत्रफळ म्हणजे पाय भागिले चार, गुणिले व्यासाचा वर्ग. व्यास मिलिमीटरमध्ये आहे, लांबी एक मीटर धरू आणि स्टीलची घनता घनमीटरला ७,८५० किलो.

एका चौरस मीटरमध्ये दहा लाख चौरस मिलिमीटर असतात, म्हणून खाली १०,००,००० ने भागायचं. तर ०.७८५४ × ७,८५० ÷ १०,००,००० = ०.००६१६५. म्हणजे एक मीटर सळीचं वजन ०.००६१६५ गुणिले व्यासाचा वर्ग. असला आकडा साईटवर कोण लक्षात ठेवणार? म्हणून तो उलटा केला: १ भागिले ०.००६१६५ म्हणजे १६२.२. झाला आपला १६२.

बारा एमएमसाठी १४४ ÷ १६२ = ०.८८९ किलो. सळी साधारण १२ मीटरची येते, म्हणजे एक नग १०.६७ किलो. १० एमएमचा नग ७.४१ आणि ८ एमएमचा ४.७४ किलो.

उलगडा झाला की त्याची मर्यादाही कळते. १६२ हा फक्त स्टीलचा आकडा आहे. स्टेनलेसच्या ३०४ ग्रेडची घनता ८,००० च्या जवळ असते, तिथे १५९ हवा. ॲल्युमिनियमच्या गोल रॉडला ४७१. चौकोनी बार असेल तर पायचा प्रश्नच येत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडे चौकोनी बारचं वजन कुणी १६२ ने काढत असेल तर तो जवळजवळ २१ टक्के कमी काढतोय. आणि थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट कधी घेतलं असेल तर तेही बारीक सळीच समजा: १.७५ एमएम व्यास, पीएलए प्लास्टिकची घनता १.२४. हिशोब तोच, एक मीटर म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, किलोच्या रिळात साधारण ३३५ मीटर.

सळीचा व्यास मोजता येत नाही

इथे एक गंमत आहे. सळीवर आडव्या-तिरक्या रेघा असतात, काँक्रीटने ती पकडून ठेवावी म्हणून. मग व्हर्नियर लावायचा कुठे? रेघांवर लावला तर साडेबाराच्या वर दाखवेल, दोन रेघांच्या मध्ये लावला तर बाराच्या खाली. मग ती १२ एमएमची आहे हे ठरवायचं कसं?

वजन करून. भारतीय मानक आयएस १७८६ नेमकं हेच सांगतं: तेवढ्याच लांबीची आणि तेवढ्याच वजनाची साधी गुळगुळीत सळी असती तर तिचा जो व्यास असता, तो या सळीचा नाममात्र व्यास. म्हणजे सूत्र उलटं फिरवलंय. वजन आणि लांबी मोजा, घनता ७,८५० धरा आणि त्यातून क्षेत्रफळ काढा. एक मीटर तुकड्याचं किलोमधलं वजन ०.००७८५ ने भागलं की चौरस मिलिमीटर मिळतात.

ही परीक्षा तुम्हीही करू शकता. सळी कापली की उरलेले तुकडे साईटवर पडलेले असतातच. टेपने मोजून बरोबर एक मीटरचा तुकडा घ्या आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. समजा बारा एमएमच्या तुकड्याचं वजन ८६२ ग्रॅम भरलं. ०.८६२ ÷ ०.००७८५ = १०९.८ चौरस मिलिमीटर. पूर्ण बारा एमएमला ११३.१ हवं होतं. व्यास काढायचा तर ०.८६२ ला १६२ ने गुणून वर्गमूळ घ्या: ११.८२.

मग फसवलं का? नाही. मानकात सूट दिलेली आहे. १० एमएमपर्यंत पूर्ण लॉटच्या वजनात ७ टक्के कमी-जास्त चालतं, १० च्या वर १६ पर्यंत ५ टक्के आणि १६ च्या वर ३ टक्के. एकटा नमुना तपासला तर तो अनुक्रमे ८, ६ आणि ४ टक्क्यांपर्यंत कमी भरू शकतो. आपला तुकडा २.९ टक्के कमी आहे, म्हणजे चालेल. ८३५ ग्रॅमच्या खाली गेला असता तर इंजिनियरला फोन करायचा. सळी कमी भरते म्हणजे तिचं क्षेत्रफळ कमी, आणि ताण पेलते ती क्षेत्रफळावर. तुकडा मोजताना मात्र कंजूषपणा करू नका. मीटरमध्ये एक सेंटिमीटर चुकला की उत्तर एक टक्क्याने चुकलंच.

नगावर घ्यायचं की काट्यावर?

आमच्या घरावर वरचा मजला चढवताना स्टील मागवलं. एका दुकानदाराने कोटेशन नगावर दिलं: इतके नग, प्रत्येकाचं चार्टवरचं वजन, गुणिले दर. वडील म्हणाले, “चार्ट तर कंपनीचाच आहे की, त्यात काय बघायचं?” मी बघितलं, कारण चार्टवर ०.८८८ आहे आणि ती सळी ०.८८८ भरेलच असं मानकही म्हणत नाही.

यादी होती १२ एमएमचे ६० नग, १० एमएमचे ५० आणि ८ एमएमचे ७०. चार्टप्रमाणे ६४० + ३७०.४ + ३३१.९ = सुमारे १,३४२ किलो. दुसऱ्याकडून तीच यादी काट्यावर घेतली तेव्हा वजन १,३१० किलो भरलं. फरक २.४ टक्क्यांचा, म्हणजे माल नियमात. पण नगावर घेतला असता तर न आलेल्या ३२ किलोचे पैसे गेले असते. दर समजा ६० रुपये किलो धरला तर १,९२० रुपये. लाखाच्या बिलात ही रक्कम कुणाच्या डोळ्यात भरत नाही, म्हणून तर ती जाते.

माझं मत स्पष्ट आहे: पैसे काट्याप्रमाणे द्या आणि नग मोजून चार्टशी ताडा. दोन्ही करा, कारण दोन्हींचं काम वेगळं आहे. काटा सांगतो पैसे किती, आणि नगांचा हिशोब सांगतो माल ठीक आहे का. १,३४२ च्या जागी १,२३० भरलं असतं तर ८ टक्के तूट, आणि मग तुकडा कापून बघायलाच हवा.

वजनकाट्याबद्दलही थोडं. गाडीचा मोठा काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्यात दाखवतो. शिवाय भरलेली गाडी आणि रिकामी गाडी अशी दोन वजनं होतात. पहिल्या वेळी ड्रायव्हर आत बसलेला आणि दुसऱ्या वेळी चहाला गेलेला असेल तर ६०-७० किलो स्टील फुकटात ‘वाढतं’. दोन्ही वेळी तो कुठे आहे ते बघा.

फौंड्रीत गुणाकार कॉम्प्युटर करतो

सळीचा आकार सरळ आहे. पण पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं कव्हर, ट्रॅक्टरचा ब्रॅकेट यांचं आकारमान पट्टीने कसं काढणार? कोल्हापूरच्या फौंड्र्यांमध्ये कास्टिंगचा भाव बहुतेकदा किलोवर ठरतो, म्हणजे पहिलं कास्टिंग ओतायच्या आधीच वजन सांगावं लागतं.

जुनी युक्ती अशी: लाकडाच्या पॅटर्नचं वजन करायचं आणि दोन घनतांच्या गुणोत्तराने गुणायचं. लाकडाची घनता ०.६५ असेल तर ७.२ ÷ ०.६५ म्हणजे साधारण ११ पट. आकारमान काढावंच लागत नाही, कारण ते दोन्हीकडे सारखंच आहे. लाकूड ओलं असेल किंवा आत कोअर बसणार असेल तर हिशोब हलतो, पण अंदाजाला चालायचं.

आता थ्रीडी मॉडेल येतं. सॉफ्टवेअर आकारमान कसं काढतं हे मला कॉलेजमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, आणि कळल्यावर फार आवडलं. मॉडेलचा पृष्ठभाग हजारो छोट्या त्रिकोणांचा असतो. कॉम्प्युटर एक बिंदू धरतो आणि प्रत्येक त्रिकोणापासून त्या बिंदूपर्यंत एक सुळका कल्पतो. चार कोपऱ्यांच्या सुळक्याचं आकारमान काढणं एका ओळीचं काम आहे. त्रिकोणाची बाहेरची बाजू बिंदूपासून दूर बघत असेल तर ते आकारमान अधिक, बिंदूकडे बघत असेल तर वजा. सगळ्यांची बेरीज केली की मधल्या पोकळ्या, भोकं, खाचा आपोआप वगळल्या जातात. पृष्ठभागात कुठे एक त्रिकोण निसटला असेल तर मात्र बेरीज गंडते, म्हणून मॉडेल ‘बंद’ असावं लागतं.

समजा उत्तर आलं ६,९४,००० घन मिलिमीटर. हजाराने भागून ६९४ घन सेंटिमीटर, गुणिले ७.२, म्हणजे ४,९९७ ग्रॅम, पाच किलो. पण मटेरियलच्या यादीत ओतीव लोखंडाऐवजी साधं ‘स्टील’ निवडलेलं राहिलं तर ७.८५ ने गुणून ५.४५ किलो दिसेल. एका नगाला ४५० ग्रॅमचा फरक, आणि दोन हजार नगांच्या ऑर्डरला ९०० किलो. ओतीव लोखंड स्टीलपेक्षा हलकं का? त्यात कार्बन ग्राफाइटच्या रूपात विखुरलेला असतो आणि ग्राफाइटची घनता फक्त २.२ च्या आसपास आहे. सगळ्या ग्रेडमध्ये ग्राफाइट सारखं नसतं, म्हणून ७.२ हाही ठाम आकडा नाही, तो ७.० ते ७.३ मध्ये फिरतो.

काही सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल निवडलंच नाही तर पाण्याची घनता धरली जाते. ती चूक तरी लगेच दिसते, कारण पाच किलोचा नग ७०० ग्रॅम दाखवतो. आणि एसटीएल नावाची जी फाइल सगळीकडे फिरते, तिच्यात एकक लिहिलेलंच नसतं. त्यात नुसते आकडे असतात. इंचात काढलेलं मॉडेल मिलिमीटर समजून उघडलं की लांबी २५.४ पटीने कमी होते, पण आकारमान २५.४ चा घन, म्हणजे १६,३८७ पटीने कमी.

एककाचा घोळ विमानापर्यंत

२३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. इंधन दाखवणारं यंत्र बंद होतं, म्हणून टाकीत पट्टीने मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला घनता हवी. त्यांनी वापरला १.७७, जो एका लिटरचे किती पौंड ते सांगतो. किलोसाठी हवा होता सुमारे ०.८. कंपनीत नुकतीच मेट्रिक पद्धत येत होती आणि हे विमान त्यातलं पहिलं.

हिशोब करून बघा. ७,६८२ × १.७७ = १३,५९७, तेवढे किलो आहेत असं समजून त्यांनी आणखी सुमारे ४,९०० लिटर भरले. भरायला हवे होते वीस हजारांवर. निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा अनुभव होता. त्यांनी ते गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर तरंगत उतरवलं, तेही तिथे गाड्यांच्या शर्यतीचा कार्यक्रम चालू असताना. विमानातले ६९ जण वाचले.

गुणाकार बरोबरच होता. घनतेपुढे ‘किलो प्रति लिटर’ की ‘पौंड प्रति लिटर’ एवढंच कुणी लिहिलं नाही. कोड लिहिताना मी म्हणूनच व्हेरिएबलच्या नावातच एकक घालतो. दिसायला लांबलचक होतं, होऊ दे.

ढिगाची घनता भरवशाची नाही

सळी किंवा कास्टिंग म्हणजे आतून भरीव माल. वाळूचं तसं नाही. वाळू, क्रश सँड ब्रासवर मिळते: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. घनमीटरला १,६०० किलो धरले तर साडेचार टन. पण हे १,६०० म्हणजे दाणे आणि मधली हवा मिळून, फोनच्या उदाहरणात होतं तसं.

त्यात वाळू ओलसर असली की फुगते. दाण्यांवर पाण्याचा पातळ थर बसून ते एकमेकांपासून दूर ढकलले जातात. पाचेक टक्के ओलावा असेल तर आकारमान २० ते ३० टक्के वाढतं. गंमत म्हणजे पूर्ण भिजवली की पुन्हा बसते. घरी बघायचं तर सरळ उभ्या बाजूंच्या बरणीत ओलसर वाळू २० सेंटिमीटरपर्यंत भरा. ती बाहेर काढून ठेवा, बरणीत अर्धं पाणी घ्या, वाळू परत टाकून ढवळा. आता ती १६ सेंटिमीटरवर बसली तर २५ टक्के फुगलेली होती. म्हणजे ब्रासच्या पैशात तुम्हाला ८० घनफूटच मिळाली.

ट्रॉली फोनच्या कॅमेऱ्याने मोजणारी ॲप आता बरेच जण वापरतात. चांगली आहेत, फक्त लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दोन टक्के चुकली तर आकारमान सहा टक्के चुकतं. टेप काढा, एवढाही वेळ लागत नाही.

ओतलेल्या काँक्रीटची घनता मात्र पक्की धरता येते. सळीसकट घनमीटरला २,५०० किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर १२५ मिलिमीटरचा स्लॅब म्हणजे ११.१५ चौरस मीटर × ०.१२५ × २,५०० = जवळपास साडेतीन टन. स्लॅब पडल्या रात्री हे सगळं सेंट्रिंगच्या टेकूंवर असतं, म्हणून दोन दिवसात टेकू काढायची घाई करणाऱ्याला हा आकडा दाखवा.

हुपरीची चांदी आणि ग्लासभर पाणी

शेवटी उलटा प्रयोग. वस्तूचं वजन माहीत आहे, आकार वेडावाकडा आहे, आणि घनता काढायचीय. छोट्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी धरा. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके घन सेंटिमीटर तिचं आकारमान. वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकंच पाणी तिला वर ढकलतं आणि तेवढाच भार ग्लासवर येतो.

५२.४ ग्रॅमच्या भरीव चांदीच्या तुकड्याने काटा ५.० दाखवला तर घनता १०.४८. छान. पण स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या टप्प्यात चालतो. त्याचा ‘५’ म्हणजे ४.५ ते ५.५ मधलं काहीही, आणि घनता ९.५ ते ११.६ मधली कुठलीही. त्या पट्ट्यात ११.३४ घनतेचं शिसंही बसतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घेतलात तरच या प्रयोगाला अर्थ आहे.

आणि पैंजणावर करू नका. घुंगरं पोकळ असतात, कड्यांत हवा अडकते, वर मीना असतो. अस्सल चांदीसुद्धा या प्रयोगात खोटी ठरेल. शिवाय हलका आणि जड असे दोन धातू मोजून मिसळले तर घनता चांदीइतकी आणता येते. तेव्हा घनता कमी-जास्त आली तर ‘यात काहीतरी वेगळं आहे’ एवढं कळतं, बरोबर आली तर ‘चांदीच आहे’ हे सिद्ध होत नाही. त्यासाठी टंच काढून घ्यायचा.